निळ्या पट्ट्याला वरून हुकूम नव्हता

पूर्णा, बुधवार

प्रिय नागसेन,

जय भीम. पाकीट बघून दचकू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. फोनवर सांगता आलं असतं, पण तुझा फोन हल्ली कसा असतो ते तुला माहीत आहे. मी दोन वाक्यं बोलते न बोलते तोच तू आवाज खाली आणून 'मीटिंगमध्ये आहे' म्हणतोस. सकाळीही मीटिंग, रविवारीही मीटिंग. पूर्वी फोन उचललास की पहिला शब्द 'जय भीम ताई' असायचा, आता 'हां, बोल' असतो. म्हटलं, पत्रच लिहावं. पत्राला मधेच कापता येत नाही, आणि एखादं वाक्य टोचलं तर ते पुन्हा वाचायला तिथंच सापडतं. पेडगावच्या शाळेला आज सुट्टी आहे, म्हणून मी कालच आईकडे आले. ती पुढच्या दारात मेथी निवडत बसली आहे आणि 'कुठवर आलीस' म्हणून सारखी विचारते आहे.

तुझं म्हणणं मी नीट समजून घेतलं की नाही ते आधी तपास. तुमच्या शहरात भर रस्त्यातून धावणारी ती दोन-तीन डब्यांची नवी गाडी, तुम्ही तिला लाइट रेल म्हणता, आई 'हलकी गाडी' म्हणते. गुळगुळीत, आवाज न करणारी, दारं आपोआप उघडणारी. अशा काही नव्या गाड्यांना जुन्या काळातल्या रेल्वेचे रंग द्यायचं तुमच्या कंपनीनं ठरवलं. एक बड्या लोकांच्या जुन्या सलून-डब्यासारखी दुधी आणि तांबडी, एक हिरवी, आणि एक आपली. विटकरी डबा आणि खिडक्यांखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत निळा पट्टा. नावसुद्धा दिलं, 'पूर्णा रंगसंगती'. तू नमुन्याचं चित्र पाठवलंस तेव्हा मी ते वर्गात मुलांना दाखवलं आणि दिवसभर मिरवत फिरले. (रंग म्हणजे तुम्ही रंग मारतच नाही म्हणे, छापलेली फिल्म चिकटवता. बाबा असते तर यावर तुझं डोकं खाल्लं असतं.) आता समितीतल्या कुणाला तरी कळलं की या निळ्याचा आणखीही एक अर्थ असतो, आणि तेव्हापासून सगळ्यांना घोर लागला. त्यांना लेखी हवं आहे की हा पट्टा म्हणजे रेल्वेनं केलेली रंगाची चाचणी होती, वरून हुकूम आला आणि रंगाऱ्यानं तो पाळला. तसा कागद मिळाला तर पट्टा निळा राहील, नाहीतर पिवळा होईल. रंगारी म्हणजे आपले बाबा. ते आता नाहीत, म्हणून त्यांच्या मुलीनं, म्हणजे मी, दोन ओळी लिहून द्यायच्या. मी विचारलं, तू पण त्यांचाच मुलगा ना, तूच का देत नाहीस? तू म्हणालास, मी समितीत आहे, ते बरं दिसणार नाही. तेव्हा मला ते पटलं.

तर नागसेन, मी ते लिहून देणार नाही. अर्धी ओळही नाही. रागावू नकोस, किंवा रागाव, मला चालेल. तुझे राग मी तू दुपट्यात असल्यापासून बघत आले आहे. आईला तुझा निरोप मी जसाच्या तसा सांगितला. ती म्हणाली, "वरून हुकूम? वरून त्या साली पाऊस सुदिक धड आला न्हाई, हुकूम कुठून यायलाय?"

तुला जी गोष्ट ठाऊक आहे ती बाबांच्या रेल्वे डेपोतल्या माणसांनी सांगितलेली आहे. बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मांडवात उभं राहून त्यांनी पुन्हा तीच सांगितली. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळालं आणि आपल्या लिंबाजी पेंटरनं छातीठोकपणे डब्याला निळा पट्टा मारला. तू ते ऐकून डोळे पुसलेस. आई आत चहा गाळत होती, ती नुसती हसली. मी म्हटलं, आई, तू जाऊन सांग की. तर म्हणाली, "आज त्यांचा दिस हाय, आज ऱ्हाऊ दे." ऱ्हाऊ दिलं, आणि ते आजपर्यंत राहिलं. तुझं काही चुकलं नाही त्यात. पट्टा मारला तेव्हा तू बालवाडीत होतास. मला सगळं आठवतं असं तू सांगतोस खरा, पण तुला काही आठवत नाही, तू शेजारच्या रशीदाभाबींच्या ओट्यावर घोंगडीवर झोपला होतास. मी पाचवीत होते. मी तिथं उभी होते.

खडूचे निरोप तुला आठवतात का? मीटरगेजची छोटी लाईन होती तोवर आपल्या क्वार्टरमधल्या लोकांचं ते टपालच होतं. अकोल्याकडे जाणारी पॅसेंजर यार्डात उभी असली की कुणीतरी जाऊन शेवटच्या डब्याच्या पाठीवर खडूनं लिहायचं. 'हिंगोली. परमेश्वरला सांगा, पोरगी झाली.' 'वसमत. आत्याचा ताप उतरला.' वाटेवरच्या स्टेशनांतली आपली माणसं ते वाचायची, ज्याचं त्याला पोचवायची, आणि गाडी परत येताना पाठीवर उत्तर घेऊन यायची. कधी दुसऱ्याच कुणाचं उत्तर पुसून त्यावर आपलं लिहिलेलं असायचं, त्यावरून भांडणंही व्हायची. साहेब लोक काही म्हणत नसत, पाण्याचा हात फिरवला की गेलं. पण लिहिणार कोण? क्वार्टरमधल्या बहुतेक बायांना अक्षर येत नव्हतं. आईलाही नव्हतं. तिचे निरोप मी लिहायची, आणि ती शेजारी उभी राहून सांगायची, "मोठं काढ गं, तुझ्या भुजंगमामाला बारीक दिसत न्हाई."

नाव मिळालं तो दिवस संक्रांतीचा होता. रेडिओवर ऐकलं आणि आपल्या गल्लीत माणसं रडायला लागली, हसायला लागली, कुणी कुणाच्या तोंडात साखर घालतंय ते कळेना. किती वर्षांची ती मागणी, आणि त्यासाठी काय काय जळालं होतं, ते तू पुढे वाचलं आहेस, मी पुन्हा लिहीत नाही. पण लाईनवरच्या खेड्यांतून आपल्या नातलगांचे निरोप काही येईनात. बातमी त्यांनाही कळली होतीच. तिथं मोठ्यानं आनंद करायची सोय नव्हती. दारं लावून बसले होते सगळे. भुजंगमामा वसमतच्या अलीकडे रेल्वे फाटकावर होता, त्याच्या वस्तीत तर चुलीही गुपचूप पेटत होत्या म्हणे.

दुसऱ्या दिवशी करीच्या दुपारी आई मला म्हणाली, "चल, खडू घी." सणामुळे डेपोत माणसं थोडी होती. पॅसेंजरचा डबा यार्डात उभा होता. मी डब्याच्या पाठीवर 'वसमत' एवढं लिहिलं आणि आईनं माझा हात धरला. "अक्षरं काढून काय करायलीस? तिकडच्या बायाबी माझ्यासारख्याच की. त्यायला वाचता यील असं लिहू." मला कळेना. ती घरी गेली आणि विहाराच्या दाराला लावून उरलेला निळ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन आली. मागोमाग गल्लीतल्या बाया. रशीदाभाबींनी चढायला लाकडी खोकं आणलं, पदर खोचला आणि विचारलं, "कहाँ से शुरू करना बोलो." आईनं डब्याच्या या टोकाला ब्रश टेकवला आणि चालायला लागली. तिला अक्षर येत नव्हतं, पट्टा येत होता.

तो पट्टा सुरुवातीला फार वाकडा होता, हे मी तुला प्रामाणिकपणे सांगते. कुठं हातभर रुंद, कुठं चार बोटं, मधेच खाली उतरलेला. तेवढ्यात बाबा सायकलवरून आले. त्यांचा चेहरा पांढरा पडला. ते सायकल धरूनच म्हणाले, "चांगुणे, सरकारी डबा हाय हा. नोकरी जाईल माझी." आई वळून न बघता म्हणाली, "तुमी नका लावू हात. तुमी घरी जावा." बाबा घरी गेले नाहीत. डब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालत राहिले. भीती तर वाटत होती, पण त्या वाकड्या पट्ट्याकडे सारखी नजर जात होती. बाबांना सगळं सहन व्हायचं, वाकडी रेघ नाही. शेवटी त्यांनी खिशातली सुतळी काढली, माझ्या हातातल्या खडूवर घासली, एक टोक मला धरायला दिलं आणि दुसरं स्वतः धरून ती ताणून डब्यावर टेकवली. मधून उचलून सोडली की पांढरी सरळ रेघ उमटायची. एक वरची, एक खालची, पूर्ण डबाभर. ब्रशला त्यांनी बोट लावलं नाही. तोंडानं मात्र सारखं चालू होतं, "म्या कायबी केलं न्हाई बरं, म्या नुसती सुतळी धरायलोय." बाया हसून हसून बेजार. मग दोन रेघांच्या मधे बायांनी निळा भरला, आणि संध्याकाळी डबा गाडीला लागून गेला.

आता तुमच्या समितीचं ऐक. त्या डब्याचा जुना फोटो मोठा करकरून बघितला म्हणे त्यांनी, आणि निष्कर्ष काढला की इतकी सरळ रेघ म्हणजे हे हुकमानं केलेलंच काम असणार. पुढं काही वर्षांनी देशभरचे डबे निळे झाले, म्हणून ती चाचणीच असणार हेही त्यांना पटलं. तू मला हे फोनवर सांगितलंस तेव्हा मी हसले. नंतर हसू गेलं. म्हणजे आपल्या बायांनी केलेलं काम सरळ आलं की ते सरकारी, आणि वाकडं राहिलं असतं तर म्हणाले असते, टवाळ लोकांनी डबा खराब केला. दोन्हीकडून ते आपलं नाहीच. हे मला मान्य नाही. तो पट्टा सरळ आहे आणि आपला आहे, आणि ज्याला त्याचा फोटो हवा त्याला ही दोन्ही वाक्यं सोबत घ्यावी लागतील.

तो डबा काही दिवस तसाच धावला. मारसूळ, वसमत, हिंगोली, पार अकोल्यापर्यंत. लाईनवर त्याचं काय झालं ते भुजंगमामानं नंतर येऊन सांगितलं. गाडी फाटकावरून गेली, त्यानं पट्टा बघितला, आणि गाडी दिसेनाशी झाली तरी हिरवी झेंडी वर धरून उभाच राहिला. रस्त्यावर अडकलेले बैलगाडीवाले ओरडायला लागले तेव्हा भानावर आला. त्या संध्याकाळी त्याच्या वस्तीत दारं उघडली. कुणी भाषण केलं नाही, मिरवणूक काढली नाही, नुसती दारं उघडून लोक ओट्यावर येऊन बसले. मामी म्हणाली होती, "गाडी एवढी उघड्यावर निळी होऊन जायलीय, तर आपुन का म्हून आत बसावं?" त्याच दिवसांत छोट्या लाईनच्या गाड्यांचे फोटो काढत फिरणारा एक परदेशी माणूस वसमतला उतरला होता. त्यानं काढला तो फोटो, जो पुढं पुस्तकात छापला गेला आणि तुमच्या समितीच्या टेबलावर येऊन पडला. तो तू ओळखलास, गप्प राहून यादीत घुसवलास, आणि मंजूर करून घेतलास. हे मी विसरलेले नाही. ते तुझ्याशिवाय झालं नसतं, आणि त्याचा मला फार अभिमान आहे.

पुढं काय झालं ते डेपोतली माणसं सांगत नाहीत, कारण त्यात त्यांनी फारसं काही केलं नव्हतं. एक नवे साहेब आले. त्यांनी सगळ्यांना रांगेत उभं करून विचारलं, डबा कुणी रंगवला? मी बाबांचा जेवणाचा डबा घेऊन फाटकाशी उभी होते. रांगेतलं कुणी बोलेना. बाबांचं नाव कुणी घेतलं नव्हतं, आणि सुतळीचं तर साहेबांना कळणंही शक्य नव्हतं. बाबा गप्प बसले असते तर ते प्रकरण तिथंच मिटलं असतं. तू बाबांना ओळखतोस. पोस्टमननं हाक मारली तरी घाबरणारा माणूस. त्यांनी टोपी काढली, एक पाऊल पुढं आले आणि म्हणाले, "साहेब, पट्टा माझ्या घरच्यांनी मारलाय. चांगुणाबाई लिंबाजी खंदारे. माझी बायको हाय ती. सुतळी म्या धरली होती."  नाव अख्खं घेतलं, अडखळले नाहीत. साहेबांना हसावं की ओरडावं ते कळेना. शेवटी हुकूम झाला की लिंबाजीनं स्वतःच्या हातानं डबा पुन्हा विटकरी करायचा, आणि काही महिने अकोल्याला बदली. तर पहा, हुकूम वरून आला होता खरा. तो पट्टा पुसायचा हुकूम होता. बाबा तो रंगवत होते तेव्हा गल्लीतल्या सगळ्या बाया प्लॅटफॉर्मवर जाऊन रांगेनं बसल्या होत्या, आणि बाबांनी मुद्दाम एकच पातळ हात दिला.

हे सगळं मी तुला आज का सांगते आहे, ते आता लिहिते. मागच्या आठवड्यात मला तुमच्या ऑफिसमधून मनिषा नावाच्या मुलीचा फोन आला. तुझ्याच विभागात आहे, नागपूरकडची, बोलायला गोड आहे. पूर्णेतली माहिती देणारी व्यक्ती म्हणून तू माझा नंबर दिला होतास. मी आईजवळच बसले होते आणि हातात वाटाणे होते, म्हणून फोन स्पीकरवर ठेवला. ती म्हणाली, "त्या रंगाऱ्याच्या घरच्या एक बाई सेन सरांच्या ओळखीच्या आहेत असं सर म्हणाले, त्या तुम्हीच का?" मी विचारलं, कोण सेन सर? तर म्हणाली, "आमचे एन. सेन सर. कलकत्त्याकडचे असावेत, पण मराठी बऱ्यापैकी येतं हं त्यांना." मी वाटाणे खाली ठेवले. म्हटलं, हो, आमची ओळख आहे. दुसरं काय म्हणणार होते? तुझ्या ऑफिसात, तुझ्या पाठीमागे, तुझं घर मी उघडायचं नाही, एवढं मला कळतं. पण आईनं सगळं ऐकलं होतं.  ती माझ्यासमोरचे वाटाणे आपल्याकडे ओढून घेऊन सोलायला लागली आणि म्हणाली, "कलकत्ता लय लांब हाय न्हाई का गं?"

तिच्या तोंडून एवढंच आलं. मी मात्र दोन दिवस धुमसत होते. तुला सांगायचं खूप काही ठरवलं होतं, त्यातलं अर्धं आता लिहिताना नको वाटतं. तुला तिथं पहिल्या वर्षी घर मिळेना तेव्हा तू मला रडत फोन केला होतास, ते मला आठवतं. चहा पाजून, हसून बोलून, आडनाव विचारून झाल्यावर घर अचानक दुसऱ्याला दिलेलं निघायचं. मग कधीतरी कुणीतरी चुकून तुला सेन म्हणालं असेल, आणि तू ते दुरुस्त केलं नसशील. पुढच्या वेळी तूच पाटीवर तेवढं ठेवलं असशील. मी तिथं नव्हते, म्हणून मोठेपणा सांगत नाही. इथं पेडगावात सगळ्यांना सगळ्यांचं सगळं माहीत असतं, मला लपायची सोयच मिळाली नाही. शाळेत रुजू झाले त्या दिवशी एका बाईंनी स्वतःचा पाण्याचा तांब्या वेगळा ठेवला. मी दुसऱ्या दिवशी सगळ्यांसाठी नवा माठ घेऊन गेले आणि तो मधोमध मांडला. आज त्याच बाई माझ्या डब्यातली भाजी मागून खातात. भांडून मिळालेली जागा आहे ती. तुझी जागा तुझ्या हुशारीवर मिळालेली आहे, मग ती कुणा कलकत्त्याच्या सेनच्या नावावर का करून देतोस?

आणि खरं सांगू? कागद तुला समितीसाठी नको होता. 'वरून हुकूम होता' असं लिहून आलं की तो पट्टा कुणाचाच राहत नाही, आणि मग तुला कुणी विचारणार नाही की तुला त्याबद्दल एवढं कसं माहीत. हे मला मनिषाचा फोन ठेवल्यावर कळलं. निळा पट्टा राहावा यासाठी तू जीव तोडून भांडलास, आणि तो ज्यांनी मारला त्यांना मात्र ओळखीच्या बाई केलंस. तुझी गाडी निळी होऊन भर रस्त्यातून जाणार आणि तू दार लावून आत बसणार. माझ्या भावानं असं राहावं हे मला सहन होत नाही, आणि मी ते सहन करणारही नाही. पट्टा पिवळा झाला तर होऊ दे. पिवळ्या पट्ट्यावर माझा राग नाही. खोटं बोलून निळा राहिलेला पट्टा मला नको.

तर आता हे पत्र कशासाठी, ते ऐक. तू मागितलेला कागद मी पाठवत नाहीये, आईला पाठवते आहे. हे माझं ठरवणं नाही, तिचंच आहे. आज सकाळी उठल्याबरोबर म्हणाली, "त्यायला कागद कशाला पायजे? म्या जित्ती हाय की. जाऊन सांगते." रविवारी दुपारच्या गाडीनं निघते आहे, बाबांच्या नोकरीमुळे तिला मिळणाऱ्या रेल्वेच्या पासावर, एकटी. मी सोबत येते म्हटलं तर चिडली. समितीशी हिंदीत बोलायची तिला काही चिंता नाही. रशीदाभाबींच्या शेजारात पंचवीस वर्षं काढली आहेत, "पट्टा मैं मारी, मेरे मरद ने सुतळी पकडी" हे तिनं मला दोनदा म्हणून दाखवलं आहे. मी म्हटलं, निळी साडी नेस. तर म्हणाली, नाटकाला चाललेय का मी? रोजचीच नेसणार आहे. सोमवारी सकाळी ती तुमच्या शहरात उतरेल, रिक्षा करेल आणि थेट तुमच्या ऑफिसच्या गेटवर येऊन उभी राहील. वॉचमन विचारेल, कोणाला भेटायचंय? ती खोटं बोलणार नाही, तिला ते जमतच नाही. ती म्हणेल, नागसेन लिंबाजी खंदारे, माझा मुलगा आहे. वॉचमन सांगेल, असं इथं कुणी नाही. तरी ती हलणार नाही, पिशवी खाली ठेवून तिथंच बसेल. तुला तिच्याबरोबर समितीसमोर बसावं लागेल असं मी म्हणत नाही, तुझी नोकरी तुलाच सांभाळायची आहे, तुझी भीती मला कळते. फक्त त्या गेटवर तिला 'इथं असं कुणी नाही' हे ऐकायला लागू नये. हे पाकीट आजच स्पीड पोस्टानं टाकते म्हणजे शनिवारी तुझ्या हातात पडेल, आणि मधे एक रविवार आहे. सोमवारी तिच्या आधी ऑफिसात जा, आणि वॉचमनला तुझं नाव सांगून ठेव.

तुझीच, जन्मापासून तुझ्या पाठीशी असलेली,
धम्मशीलाताई